वाळूची साक्ष आणि माणसाचे विस्मरण

आदिलाबादच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे कुणाला आगाऊपणाचे वाटेल. सरळ रेषेत मोजले तरी पूर्वेचा किनारा इथून सुमारे पाचशे आणि पश्चिमेचा सहाशे किलोमीटर. आमच्या शाळांतील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो सिनेमात. परंतु ज्या चुनखडीच्या जोरावर आदिलाबादला एकेकाळी सिमेंटचा कारखाना उभा राहिला, ती चुनखडी समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. भूशास्त्रज्ञ या खडकांना पैनगंगेचेच नाव देतात, आणि त्यांचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक मानतात. सहलीला नेलेली मुले त्यात शंखशिंपले शोधतात. ते सापडत नाहीत, कारण शंख धारण करणारा प्राणी तेव्हा पृथ्वीवर जन्मालाच यायचा होता. म्हणजे पाहणारा कुणी नसताना इथे समुद्र होता, आणि पाहणारा आला तेव्हा समुद्र निघून गेलेला होता. दगड मात्र राहिला.

न्यायालयात साक्षीदार लागतो तो घटनास्थळी हजर असलेला. त्याची उलटतपासणी होते, त्याचा हेतू तपासला जातो. दगडाला हेतू नाही, वाळूला पक्ष नाही. म्हणून त्यांची साक्ष निर्मळ म्हणावी, तर ती बोलतच नाही; कुणीतरी वाचावी लागते. इथूनच मला बरेच दिवस छळणारा प्रश्न उभा राहतो. जे जमिनीवर लिहिलेले होते आणि वाचता येण्याजोगे होते, ते वाचले नाही म्हणून माणसे मेली, तर त्या अज्ञानाला नुसते अज्ञान म्हणायचे की दोष? विसरणे हा अपराध होऊ शकतो काय? भूगोलाच्या पुस्तकात हा प्रश्न येत नाही, आणि नीतिशास्त्राच्या पुस्तकात समुद्रकिनारा येत नाही. म्हणून दोन्ही एकत्र घेऊन पाहू.

किनारा लिहितो कसा, ते आधी पाहिले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळजण हरिहरेश्वरला जाऊन आले असतील. तिथली प्रदक्षिणा देवळाभोवती पुरी होत नाही. ती डोंगरामागून समुद्राच्या कडेने खडकाळ सपाटीवरून जाते, आणि भरतीच्या वेळी ती वाट बंद असते. ती सपाटी लाटांनी कापलेली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात तिला ‘तरंगघर्षित मंच’ असे जडशीळ नाव आहे, आणि ते पाठ करणाऱ्या मुलाला आपण त्याच मंचावरून आजीचा हात धरून चाललो होतो हे क्वचितच कळते. लाट खडकाला कापते ती आपल्या उंचीला. तेव्हा असा मंच जर एखाद्या ठिकाणी आजच्या भरतीरेषेच्या बराच वर कोरडा पडलेला दिसला, तर दोनच गोष्टी संभवतात: एकेकाळी समुद्र तिथवर उभा होता, किंवा जमीन वर उचलली गेली. कड्याच्या दगडात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी छिद्रे पडली आहेत, तीही खाऱ्या पाण्याचीच अक्षरे.

कोकणात ‘करल’ नावाचा एक खडक आहे. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने सांधला जाऊन तो बनतो, आणि बनतो तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी कोकणपट्टीवर तो जागोजागी पाहिला आणि आजच्या भरतीच्या वर सापडणाऱ्या करलावरून असे अनुमान केले, की काही हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा किंचित वर होता. उलट १८७८ साली मुंबईत प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना भरतीच्या पाण्याच्या खाली शेकडो झाडांचे बुंधे सापडले, पुष्कळसे मुळांवर उभे असलेले, बहुतेक खैराचे. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे तिथे कोरडी जमीन होती आणि ती खाली गेली. एकाच किनाऱ्यावरचे दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलतात, आणि दोघेही खोटे बोलत नाहीत. एक समुद्राची गोष्ट सांगतो, दुसरा जमिनीची. पंचायतीत बसलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही.

मोठ्या आकड्यांविषयी थोडक्यात सांगतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवर बर्फाचे राज्य असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मग बर्फ वितळले, पाणी चढत गेले, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते साधारण आजच्या जागी येऊन स्थिरावले. आपल्या साऱ्या नगरांचा, बंदरांचा, देवळांचा इतिहास या स्थिर काळातला आहे. समुद्र एका जागी राहतो ही आपली समजूत त्या स्थैर्यातून आली. १९०० पासून आजवर तो सरासरी वीसेक सेंटिमीटर चढला आहे, आणि अलीकडे त्याचा वेग वर्षाला तीन-चार मिलिमीटर आहे. वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत. वीतभर पाण्याने काय होते, असे म्हणणाऱ्याने सपाट किनाऱ्यावरचे भातशेत पाहावे.

पण पातळीची गोष्ट सावकाशीची आहे. वादळाची आणि त्सुनामीची गोष्ट एका रात्रीची असते, आणि तीही किनारा लिहून ठेवतो. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात केळशी गाव आहे. तिथे खाडीच्या मुखाशी वाळूची एक प्रचंड टेकडी होती. कोकणच्या पुळणींवर अशी उंच टेकडी सहसा आढळत नाही. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. तिच्या पोटात शंखशिंपले, कोळसा, खापऱ्या असे थर मिळाले. ही वाळू वाऱ्याने हळूहळू रचलेली नाही, ती समुद्राने एका तडाख्यात आणून टाकली, असे प्रतिपादन त्यांनी केले आणि तिचा संबंध १५२४ सालाशी जोडला.

१५२४ च्या सप्टेंबरात वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता, यावेळी व्हाइसरॉय म्हणून. दाभोळजवळच्या समुद्रात त्याची जहाजे वाऱ्यावाचून गदागदा हलू लागली. खलाशांना वाटले, जहाज खडकावर आदळले. समुद्रच हादरतो आहे हे ध्यानात आल्यावर गामाने त्यांना धीर दिला तो असा, की घाबरू नका, आपल्या भयाने समुद्र कापतो आहे. ही हकीकत पोर्तुगीज बखरकारांनी आवडीने लिहून ठेवली. त्याच वर्षाच्या अखेरीस गामा कोचीनला मेला. समुद्र आहे तिथेच आहे. २०२० साली सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या त्सुनामीला ‘अनाथ’ म्हटले. अनाथ अशासाठी, की तिला जन्म देणारा भूकंप नेमका कुठे झाला याची नोंद नाही. मला तो शब्द दुसऱ्याच अर्थाने खरा वाटतो. जहाजावर असलेल्या सत्ताधीशाची बढाई कागदावर राहिली. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या गावात कोण चुलीपाशी होते, कोण होडीत होते, कोणाचे काय वाहून गेले, याचा एक शब्दही कुठे नाही. त्यांच्या वाट्याला वाळू आली.

आता केळशीची टेकडी लाटेने केली, हे सर्वांनी मान्य केले आहे असे नाही. वारादेखील वाळू उचलतो. आणि इथे मला आपल्या नैयायिकांची आठवण होते, कारण नेमकी हीच शंका त्यांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी काढून ठेवली आहे. कार्यावरून कारणाचे अनुमान कसे करायचे याचे त्यांचे उदाहरण नदीचे आहे. नदीला पूर आलेला दिसला की वर कुठेतरी पाऊस झाला असे आपण ओळखतो. गौतमाच्या सूत्रांत पूर्वपक्षी उभा राहून म्हणतो, हे अनुमान कच्चे आहे. वाहत्या पाण्याला कुणी अडथळा केला तरी नदी फुगते. त्यावरचे उत्तर मोठे मार्मिक आहे. नुसते पाणी वाढलेले पाहून कोण अनुमान करतो? पाणी गढूळ आहे, धार वेगाची आहे, वरून फेस, पाने, फळे, लाकडे वाहून येत आहेत, असा विशेष पूर पाहूनच शहाणा माणूस पाऊस ओळखतो. वात्स्यायनाने भाष्यात ही सामग्री मोजून दिली आहे. केळशीच्या टेकडीत खापऱ्या आणि शिंपले शोधणारा संशोधक तेच करतो. वाळू पुरेशी नाही. वाळूबरोबर काय आले ते सांग.

पूर्वपक्षाचा तो अडथळा आज आमच्या जिल्ह्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. धरणाची दारे उघडली की कोरड्या दिवशी नदीला पूर येतो. आणि अडथळ्यालाही स्वतःचा इतिहास असतो. कुंतालाचा धबधबा जिच्यावर आहे त्या कडेम नदीचे धरण नवे असतानाच १९५८ च्या ऑगस्टात फुटले. ज्या पुराचा हिशेब करून ते बांधले होते, त्याच्या जवळजवळ दीडपट पाणी आले होते. २०२२ च्या जुलैत पुन्हा तसाच लोंढा आला, खालच्या गावांतील लोकांना रातोरात हलवावे लागले, आणि पुढच्याच वर्षी पाणी पुन्हा दारांवरून गेले. २०१६ पासून ते धरण निर्मल जिल्ह्यात मोडते, पण ती जुन्या आदिलाबादचीच आठवण. नदीने आपल्या पहिल्याच जबानीत सांगायचे ते सांगून टाकले होते.

हीच नदी पुढे गोदावरीला मिळते, आणि आमची पैनगंगाही वर्धा-प्राणहितेच्या वाटेने तिथेच जाते. तेव्हा आदिलाबादचा खरा किनारा पूर्वेचा. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात समुद्राला जवळजवळ समांतर अशा वाळूच्या जुन्या रांगा एकामागे एक दिसतात. ‘इसुक दिब्ब’ म्हणजे वाळूची टेकडी, हे शब्द आमच्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. त्यातली प्रत्येक रांग एकेकाळचा किनारा आहे. कोल्लेरू सरोवर आज समुद्रापासून तीसेक किलोमीटर आत आहे. एकेकाळी ते समुद्राचेच खाजण होते असे मानतात. पाणी मागे सरले आणि जमीन पुढे गेली, आमच्याकडच्या गाळावर.

तेलुगू भाषेत पुराला ‘वरद’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द वर देणारा असा लागतो, आणि दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्यांना त्याची मौज वेगळी सांगायला नको. व्युत्पत्ती काहीही असो, त्रिभुज प्रदेशापुरता तो अर्थ खरा आहे. पुरानेच ती जमीन दिली. पण तेलुगूत दुसराही एक शब्द आहे, ‘उप्पेन’. वादळाबरोबर किनाऱ्यावर चालून येणारी पाण्याची भिंत. मराठीत उधाण आहे, पण उधाण येते आणि जाते. उप्पेन माणसे घेऊन जाते. ज्या समाजाला वेगळा शब्द लागला, त्याने ती वस्तू पाहिलेली असते.

त्याने ती वारंवार पाहिली. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा नावाचे बंदर होते. १७८९ साली तिथे वादळी लाटा चढून आल्या. पुढे कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने अशा वादळांचा अभ्यास केला, आणि ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला दिला तो त्यानेच. दरम्यान कोरिंगा पुन्हा उभे राहिले होते, आणि १८३९ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या उप्पेनेने ते उद्ध्वस्त केले. १८६४ साली मच्छलीपट्टणची पाळी आली. मग १९ नोव्हेंबर १९७७ ला कृष्णेच्या मुखाजवळची दिविसीमा. दहा हजारांवर माणसे गेली. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्या पिढीला ‘दिविसीमा’ हा शब्द घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचा आठवतो. आजच्या दहावीच्या वर्गात तो उच्चारला तर काहीच हलत नाही.

तर मग दोष कुणाचा? दिविसीमेत झोपडी बांधून राहणाऱ्या कोळ्याने किंवा शेतमजुराने ११३ वर्षांपूर्वीचे मच्छलीपट्टण लक्षात ठेवायला हवे होते, असे म्हणणे निर्दयपणाचे आहे. आजोबांनी पाहिले ते नातू ऐकतो, पणतूपर्यंत त्याची गोष्ट होते, आणि त्यापुढे तीही राहत नाही. विसरण्यात दयाही आहे. १९७७ नंतर त्या गावांतील माणसे परतली, त्यांनी भात लावला, मुलींची लग्ने केली. सारे आठवत बसले असते तर हे होते ना. पोटासाठी किनाऱ्यावर राहणाऱ्याला विस्मरणाचा अधिकार आहे असे मी म्हणेन. मासे डोंगरावर मिळत नाहीत.

पण हा अधिकार प्रत्येकाला नाही. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर अनेयोशी नावाचे खेडे आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी टेकडीच्या चढावर एक दगड रोवला. या दगडाच्या खाली घर बांधू नका, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरला. २०११ साली लाट आली ती त्या दगडाच्या खालीच थांबली, आणि वरची घरे वाचली. त्या खेडुतांनी केले एवढेच, की जमिनीची अक्षरे माणसाच्या लिपीत उतरवली. हे काम ज्याला वाचता येते त्याचे आहे. आपल्याकडे वाचणारे नाहीत काय? विद्यापीठे आहेत, भूगर्भ सर्वेक्षण आहे, उपग्रह आहेत. त्यांनी वाचलेही आहे. उणीव आहे ती वाचलेले दगडावर आणि कायद्यात उतरवण्याची. १९९१ साली किनाऱ्याच्या नियमनाची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यातल्या कामांवर बंधने आली. पुढे त्या बंधनांना सवलती फुटत गेल्या. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. सवलतीमागे कोळ्यांच्या घरांचा खराखुरा प्रश्नही आहे, हे मी नाकारत नाही. परंतु कायद्याची भरतीरेषा रोजच्या पाण्याची आहे. वाळूच्या रांगा सांगतात ती रेषा शंभर-दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याची. ती ज्याच्या टेबलावरच्या नकाशात आहे आणि तरीही जो खालच्या जागेवर शाळेची किंवा दवाखान्याची परवानगी देतो, त्याचे विस्मरण हे विस्मरण नव्हेच. त्याला माझ्या मते अपराध म्हणावे.

इथवर आदिलाबादचा वाचक निश्चिंत असेल; समुद्र दूर आहे, दोष दुसऱ्याचा आहे. तसे नाही. काकिनाड्याजवळच्या उप्पाडा गावाचा किनारा वर्षानुवर्षे खचतो आहे. घरे, देवळे, रस्ता समुद्रात गेले. त्याला बंदराच्या बांधकामासारखी स्थानिक कारणे आहेत, ती सोडून चालणार नाही. पण गोदावरीचा गाळ पूर्वीइतका समुद्रापर्यंत पोचत नाही, हेही एकूण त्या किनाऱ्याच्या दुखण्याचे एक कारण मानले जाते. तो गाळ आहे कुठे? पैठणच्या जायकवाडीत आहे. पोचम्पाडच्या श्रीरामसागरात आहे. ११२ टीएमसीचे ते जलाशय गाळाने बरेच उथळ झाले आहे. कडेममध्ये आहे, सातनाल्यात आहे. ज्या पाण्यावर आमचा कापूस आणि हरभरा उभा राहतो, त्याच पाण्याचा गाळ म्हणजे खालच्या किनाऱ्याची जमीन होती. आम्ही ती चोरली असे मी म्हणणार नाही. धरण बांधले नसते तर इकडची मुले उपाशी राहिली असती, आणि त्या भुकेची साक्ष द्यायला आमचे वाडवडील पुरेसे होते. पण सरस्वती कालव्याच्या पाण्यावर पीक घेणारा शेतकरी आणि उप्पाड्याचा घर गमावलेला कोळी हे एकाच नदीच्या एकाच हिशेबाच्या दोन बाजूंना आहेत. पाण्याच्या वाट्यावर राज्याराज्यांत लवाद बसतो. गाळाच्या वाट्यासाठी आजवर कुणी लवाद मागितलेला नाही. नव्या धरणाचा खर्च मांडताना खालच्या किनाऱ्याची झीज त्यात धरावी, एवढी मागणी तर वरच्या लोकांनीच करायला हवी; खालच्याने केली की ती तक्रार ठरते.

आणि आपल्या गावात करण्याजोगे एक काम आहे. पैनगंगा, कडेम, प्राणहिता यांच्या काठच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आजवरच्या मोठ्यात मोठ्या पुराची रेघ आखावी. गावातील सर्वांत वृद्ध माणसाला आणून, तो हात लावून दाखवील त्या उंचीवर. आणि पाटबंधारे खात्याच्या नोंदीशी ती ताडून घ्यावी, कारण म्हाताऱ्यांचा हात कधी कधी वर जातो. पूर शाळेपर्यंत आला नसेल, तर ज्या घरापर्यंत आला त्या घरमालकाची परवानगी काढावी. शेजारी साल लिहावे, मराठीत आणि तेलुगूत दोन्हींत. गोंडी बोलणारी मुले असतील तर तो पूर त्यांना त्यांच्याच बोलीत कुणीतरी सांगावा. रंग मात्र तैलरंग घ्यावा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते.